लाडके उपद्रवी

नामदेवाच्या घरच्या पोळ्या कुत्र्यानें पळविल्या, ही कथा महाराष्ट्रानें कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या ऐकिली आहे. पोळ्या तोंडांत धरून कुत्रा पळत सुटतो. नामदेव महाराज हातांत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवतात, आणि कोरड्या पोळ्या खाऊं नकोस, थांब, तूप लावून देतों, अशी त्याची विनवणी करतात. ऐकणारांचे डोळे पाणावतात, टाळ वाजतात, कीर्तन पुढें सरकतें. पण संसाराचे चटके सोसलेल्या एखाद्या बाईला त्या क्षणीं एक साधी शंका येतच असली पाहिजे. पोळ्या गेल्या, तूपही गेलें. मग राजाईनें त्या दिवशीं दुसऱ्यांदा पीठ मळलें कीं काय? आणि मळावयास डब्यांत पीठ उरलें होतें का? कीर्तनकार तें सांगत नाहींत. सर्व भूतांच्या ठायीं ईश्वर पाहणाऱ्या संताची थोरवी या शंकेनें तिळभरही उणी होत नाहीं. परंतु पाळीव जनावरांनीं केलेल्या नुकसानीचा विचार करावयाचा, तर तो राजाईच्या चुलीपासूनच आरंभिला पाहिजे.

हें नुकसान पूर्वींही होत असे, पण तें आजच्याएवढें डोळ्यांत भरत नसे. जुन्या वाड्यांत कुत्र्याची जागा अंगणांत किंवा दिंडीदरवाजापाशीं असे. मांजर माजघरांत येई, पण तें उंदरांच्या बंदोबस्तासाठीं. आपल्या पोटाची निम्मी सोय तें आपणच पाही. शेणानें सारवलेल्या जमिनीवर नखाचा ओरखडा उठला, तर पुढच्या सारवणांत तो बुजून जाई. बसावयास घोंगडी नाहीं तर जाजम, आणि मौल्यवान म्हणून जें कांहीं असेल तें पेटींत कुलूपबंद. नासविण्याजोगें घरांत उघड्यावर होतें तरी किती? आतां तोच प्राणी शहरांत चौथ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्यें राहतो. त्याच्या दांतांच्या आणि नखांच्या बरोबर उंचीवर कोचाचे हात येतात, जमिनीपर्यंत लोंबणारे पडदे येतात, विजेच्या आणि दूरध्वनीच्या तारा येतात, आणि दाराशीं ओळीनें मांडलेल्या चपला तर येतातच येतात. जनावराचे दांत पूर्वींचेच आहेत. बदललें आहे तें घर. ही गोष्ट ध्यानांत न घेतां पुष्कळ माणसें कुत्रें बिघडलें, मांजर माजलें, अशी फिर्याद करीत असतात.

अशा नासधुशीच्या लेखी नोंदी ठेविल्या त्या ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं. हॉलंडमधील डेव्हेंटर गांवीं सुमारें १४२० सालीं एक लेखनिक पोथीची नक्कल करीत होता. रात्रीं पोथी उघडी राहिली. सकाळीं येऊन पाहतो तों पानावर मांजराच्या लघवीचा डाग! त्या गृहस्थानें पान फाडून टाकलें नाहीं. डागाची जागा तशीच मोकळी सोडली, तिच्याकडे बोट दाखविणारे हात काढले, शेजारीं एक मांजर चितारलें, आणि लॅटिन भाषेंत त्या मांजराला शिव्याशाप देऊन, मांजरें येऊं शकतील अशा जागीं रात्रीं पोथ्या उघड्या ठेवूं नयेत, असा पुढील पिढ्यांस इशारा लिहून ठेविला. मांजराच्या नांवानें बोटें मोडतां मोडतां त्याचें चित्र काढण्याची हौसही त्यानें भागवून घेतली, ही मौज पाहण्यासारखी आहे. दुसरें उदाहरण दुब्रोव्हनिक शहरचें. तेथील दप्तरखान्यांत २०११ सालीं एमिर फिलिपोविच या इतिहास-संशोधकास पंधराव्या शतकांतील एक बाड चाळतांना शाईनें माखलेल्या पंजांचे ठसे उमटलेलीं पानें आढळलीं. लेखनिकाच्या दौतींत पाय बुडवून एक मांजर त्याच्या अक्षरांवरून सरळ चालत गेलें होतें. उंदरांनीं पोथ्या कुरतडूं नयेत म्हणून अशा ठिकाणीं मांजरें बाळगीत. तेव्हां कुरतडलेल्या पोथीपेक्षां ठसा उमटलेली पोथी बरी, असाच हिशेब त्या काळच्या लेखनिकांनीं मांडला असावा.

कुत्र्यांच्या बाबतींत न्यूटनच्या डायमंडची गोष्ट शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पुष्कळांनीं वाचली असेल. मेणबत्ती पाडून त्यानें कित्येक वर्षांचे कागद जाळले आणि न्यूटन शांत राहिला, असें त्यांत असतें. चरित्रकार मात्र या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवीत नाहींत. त्यापेक्षां अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याची हकीगत खात्रीची आहे. १९३६ सालीं टोबी नांवाच्या त्याच्या सेटर जातीच्या पिलानें ‘ऑफ माइस अँड मेन’ या कथेच्या हस्तलिखिताचा जवळजवळ अर्धा भाग फाडून त्याचा चोथा केला. दुसरी प्रत नव्हती. सुमारें दोन महिन्यांची मेहनत फुकट गेली. स्टाइनबेक रागावला, त्यानें पिलाला थोडा मारही दिला. पण पत्रांत लिहितांना, कदाचित् त्या बिचाऱ्यानें टीकाकाराच्या भूमिकेंतूनच हें केलें असेल, असा विनोद करून तो पुन्हां कामास लागला. पुस्तक १९३७ सालीं प्रसिद्ध झालें आणि गाजलें.

या गोष्टींत सर्वांच्या सहनशीलतेचें कौतुक होतें, आणि तें योग्यही आहे. मात्र स्टाइनबेकनें क्षमा केली ती स्वतःच्या नुकसानीची, आणि फाटलेलीं पानें पुन्हां लिहिलीं तीं स्वतःच्याच हातानें. लळा ज्याचा, भुर्दंडही त्याचाच. सर्वसाधारण घरांत तसें नसतें. पिलूं घरांत येतें तें मुलांच्या हट्टामुळें किंवा गृहस्थाच्या हौसेनें. त्याचें नांव ठेवण्यास घरांतलीं सगळीं माणसें पुढें असतात. पण पहांटे माजघरांत थारोळें दिसलें कीं फडकें कोठें आहे हें फक्त एकाच माणसाला ठाऊक असतें! गृहस्थ वर्तमानपत्राआडून म्हणतो, “अहो, लहान आहे, शिकेल हळूहळू.” क्षमा त्याची, कंबर तिची. पुष्कळ घरांत तर हें काम मोलकरणीच्या गळ्यांत पडतें; तिला ना पिलाचा लळा, ना वाढीव पगार. जनावरांवर प्रेम करणाऱ्या घरांची खरी परीक्षा येथें होते. ‘आमचा कुत्रा’ म्हणणारीं माणसें चार आणि पुसणारी एक, असें जेथें असेल तेथें त्या प्रेमाचा तीन-चतुर्थांश भाग उसनवारीचा आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां हीं जनावरें असें कां करतात, तें पाहूं. कुत्र्याच्या पिलाला दुधाचे अठ्ठावीस दांत असतात. सुमारें चौथ्या महिन्यापासून ते पडूं लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास पक्के बेचाळीस दांत येतात. या काळांत हिरड्या शिवशिवतात, आणि चावल्यानें बरें वाटतें. दांत येणाऱ्या तान्ह्या मुलाला आपण चोखणी देतों. पिलाला ती कोणी दिली नाहीं, तर तें आपली आपण शोधून काढतें. चप्पल त्याला विशेष प्रिय, कारण ती चामड्याची असते आणि तिला धन्याचा वास येतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठीं मार बसतो, तिच्या मुळाशीं निम्मी ओढ मायेची आहे. दांत पक्के झाल्यावरही जें कुत्रें वस्तू फाडतें, तें बहुधा कंटाळलेलें असतें किंवा घाबरलेलें असतें. माणसें कामावर गेलीं, दार बंद झालें, आणि आठ-नऊ तास पुढें काय करावयाचें? एकटेपणा असह्य झालेलीं कुत्रीं दाराची चौकट कुरतडतात, उंबऱ्यापाशीं जमीन उकरतात, ती याच कारणानें. नुकसान कोठें झालें आहे हें नीट पाहिलें, तर पुष्कळदां त्याचें कारणही तेथेंच सांपडतें.

मांजराची तऱ्हा वेगळी. त्याच्या नखांवरचें जुनें कवच सुटून पडावें लागतें, आणि तें ओरबाडल्यानें सुटतें. त्याच्या तळव्यांत गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. खांबावर पंजा ओढला कीं डोळ्यांना दिसणारी रेघ आणि नाकाला कळणारा वास, अशी दुहेरी सही उमटते. झोपून उठल्यावर अंग ताणण्याची सोयही त्यांतच होते. म्हणून त्याला उंच, घट्ट आणि न हलणारी वस्तु लागते. नवा कोच या वर्णनांत चपखल बसतो; तो घेतांना दुकानदारानें मात्र हें सांगितलेलें नसतें. सशाचे आणि उंदरांच्या जातीचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, तेव्हां कुरतडणें हा त्यांचा छंद नव्हे, ती गरज आहे. राहतां राहिला पोपट. पिंजऱ्याच्या सळ्या वांकविणारा आणि पंचांगाचीं पानें फाडणारा हिरवा राघू पुष्कळ घरांच्या आठवणींत आहे. परंतु १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या रानांतले पोपट पाळणें हा गुन्हा ठरलेला आहे, तेव्हां त्याच्या उपद्रवाची गोष्ट येथेंच सोडलेली बरी.

“पण त्याला आपली चूक कळते हो! आम्ही घरांत पाऊल टाकतांच कान पाडून कोपऱ्यांत जाऊन बसतो,” असें कुत्रेवाल्या घरांत हमखास ऐकूं येतें. ही समजूत फार रूढ आहे आणि तिच्यापायीं कुत्र्यांना पुष्कळ मार बसतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें २००९ सालीं या समजुतीची परीक्षा प्रसिद्ध केली. चौदा कुत्र्यांपुढें खाऊ ठेवून धन्यानें तो खाऊं नकोस असें बजावावें आणि खोलीबाहेर जावें, अशी योजना होती. धनी परत आल्यावर कधीं त्याला खरें सांगितलें जाई, कधीं मुद्दाम खोटें. निष्कर्ष असा निघाला कीं, अपराधी चेहरा हा खाऊ खाल्ल्यानें होत नाहीं, धनी रागावल्यानें होतो. ज्यांनीं खाऊला तोंडही लावलें नव्हतें पण विनाकारण बोलणीं खाल्लीं, त्या कुत्र्यांचे चेहरे तर सर्वांत अधिक अपराधी दिसले. म्हणजे संध्याकाळीं घरीं येऊन सकाळच्या फाटक्या उशीबद्दल दिलेली शिक्षा कुत्र्याला उशीशीं जोडतांच येत नाहीं. धनी घरीं आला कीं केव्हां केव्हां मारतो, एवढाच धडा तें शिकतें. वर्गांत काल झालेल्या गडबडीबद्दल आज सकाळीं पहिल्या बांकावरील मुलाला छडी द्यावी, तशांतलाच हा न्याय आहे.

नासधुशीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो थट्टेवारीनें घेण्याजोगा नाहीं. वर्षानुवर्षें शिस्तीनें वागलेलें मांजर अचानक गादीवर, न्हाणीघरांत, कपड्यांच्या ढिगावर लघवी करूं लागलें, तर घरचीं माणसें चिडतात. खोडी म्हणून त्याला गच्चींत कोंडतात. पण हा पुष्कळदां आजार असतो. विशेषतः बोका जर पुन्हां पुन्हां बसून कुंथत असेल आणि थेंब-दोन थेंबांपलीकडे कांहीं होत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे असें समजून त्याच दिवशीं, किंबहुना त्याच घटकेस जनावरांच्या डॉक्टरांकडे धांव घ्यावी. दोन-तीन दिवस गेले तर तो दगावतो. ज्याला बोलतां येत नाहीं त्यानें गादी ओली करून सांगितलेली ती गोष्ट असते. ती वाचण्याऐवजीं गादीचीच किंमत काढीत बसल्यानें जीव गेल्याचीं उदाहरणें दवाखान्यांतून थोडीं नाहींत. तसेंच स्वयंपाकघरांतील दरोड्यांचें. डब्यांतले बेदाणे कुत्र्यानें फस्त केले म्हणून हंसूं नये. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें. कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या रक्तास अपायकारक, चॉकोलेट तर विषच. शिवणाच्या पेटींतील दोरा, लोकर किंवा पतंगाचा मांजा मांजराच्या पोटांत गेला, तर तो आंतड्यांना आंतून कापतो. तोंडांतून किंवा मागून टोंक दिसलें तरी तें ओढूं नये. येथें नुकसान घराचें होतच नाहीं, आणि म्हणूनच तें कोणाच्या लक्षांत लवकर येत नाहीं.

उपद्रव असह्य झाला कीं माणसें दोन वाटा धरतात. एक वाट पाश्चात्य देशांत रुळलेली होती: कोच वांचविण्यासाठीं मांजराचीं नखें कायमचीं काढून टाकावयाचीं. हें नखें काढणें म्हणजे केस किंवा नख कापण्यासारखें नाहीं. प्रत्येक बोटाचें शेवटचें हाडच त्यांत कापून टाकतात. माणसाच्या बोटांचीं पेरें तोडावीं तसें. अमेरिकेंत असली बंदी घालणारें पहिलें राज्य न्यूयॉर्क ठरलें, आणि तें साल उजाडलें २०१९. कोचासाठीं दहा बोटें, हा सौदा इतकीं वर्षें सुसंस्कृत घरांतून राजरोस चालला होता. दुसरी वाट आपल्याकडची. ती अधिक स्वस्त आहे. रविवारीं जनावराला गाडींत घालावयाचें, शहराबाहेर एखाद्या ढाब्यापाशीं किंवा मंडईच्या मागें उतरवावयाचें, आणि परत यावयाचें. मुलांना सांगावयाचें कीं, त्याला शेतावर पाठविलें, तेथें तें फार सुखांत आहे. १९६० सालच्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें, उपाशीं किंवा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा गुन्हा ठरविला आणि पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला. पन्नास रुपयांत आज कुरतडलेल्या चपलेचा आंगठाही दुरुस्त करून मिळणें कठीण! घरांत वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या टोळींत जागा मिळत नाहीं. तें ज्या ठिकाणीं उतरविलें त्याच ठिकाणीं, येणारी प्रत्येक गाडी पाहत, बसून राहतें. मुलांना सांगितलेली शेताची गोष्ट बहुतेक मुलें ऐकून घेतात. त्यांचा तिच्यावर विश्वास बसतो असें नव्हे.

यापेक्षां आपल्या पूर्वजांची युक्ति सरस होती. मांजर दूध पितें, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं मांजराला उपदेश केला नाहीं कीं त्याचे दांत पाडले नाहींत. त्यांनीं शिंकें टांगलें. आजच्या घराला हवें आहे तें नवें शिंकें. चपला कपाटांत, तारा नळींत, औषधें व बेदाणे कडींत. मांजरासाठीं एका जड लांकडी खांबाला सुतळी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी, आणि तो खांब घराच्या कोपऱ्यांत न लपवितां ज्या कोचावर त्याचा डोळा आहे त्याला खेटून उभा करावा. मांजराला ताणून उभें राहतां येईल एवढा तो उंच हवा. बोका ठिकठिकाणीं पिचकाऱ्या मारीत असेल, तर त्याची खच्चीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतल्यानें ती खोड बहुधा जाते. कुत्र्याच्या पिलाला चावावयास मजबूत रबराचें खेळणें द्यावें. जुनी चप्पल मात्र देऊं नये, कारण जुनी कोणती आणि काल आणलेली कोणती, हा भेद त्याला कोणी शिकविलेला नसतो. सकाळीं बाहेर पडण्यापूर्वीं अर्धा-पाऊण तास त्याला फिरवून आणलें तर दुपारचीं निम्मीं पातकें टळतात. शिवाय, आणि हें सर्वांत महत्त्वाचें, ज्यानें पिलूं आणण्याचा हट्ट धरला त्यानें फडकें कोठें असतें हें पहिल्याच दिवशीं माहीत करून घ्यावें.

इतकें करूनही एखादें नुकसान असें होतें कीं तें कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. कोच नवा येतो. पण सासूबाईंनीं स्वतःच्या हातानें मोडी वळणाच्या बाळबोधींत लिहून ठेविलेली लोणच्या-पापडांची वही पिलानें फाडली, तर ती कोणत्या दुकानांत मिळावी? लग्नांतल्या शालूच्या पदरांत मांजराचीं नखें अडकलीं आणि जर उसवली, तर रफूगार फार तर ती झांकील. अशा वेळीं, जनावरच तें, त्याला काय कळतें, हें वाक्य खरें असूनही उपयोगाचें नसतें. ज्या बाईची ती वही आहे तिला चार दिवस त्या पिलाकडे पाहवत नाहीं, आणि घरांतल्यांनीं तिला हंसूं नये, समजावूंही नये. तिनें त्याच्या ताटलींत भाकरी कुसकरावी, दूध ओतावें, आणि त्याच्याकडे न पाहतां निघून जावें. हेंही पुष्कळ आहे. पांचव्या दिवशीं पिलूं तिच्याच पदराशीं येऊन झोपतें. पिलाला वहीचें कांहीं आठवत नसतें, आणि ती उठून दुसरीकडे बसत नाहीं. क्षमा हा शब्दही येथें मोठा वाटतो. निजलेल्या जिवाला उठवावें कसें, एवढाच प्रश्न त्या वेळीं तिच्यापुढें असतो.

ही ओढ उपयोगाच्या पोटीं जन्मली, असें म्हणण्याची रीत आहे; कुत्रा राखण करी आणि शिकारींत साथ देई म्हणून माणसानें त्याला जवळ केलें. उपयोगाचे उपकार फेडल्याचीं उदाहरणें आपल्याकडेही आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीस छत्रपति शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधि दाखवितात; वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले आणि त्याला पालखीचा मान मिळाला, ही हकीगत ग्रँट डफनेंही आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत नमूद केली आहे. पण जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं सांपडलेलें थडगें कांहीं निराळें बोलतें. सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींच्या त्या थडग्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचे अवशेष निघाले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्या कुत्र्याच्या दांतांवरील खुणांवरून असें अनुमान काढलें कीं, तें सात महिन्यांच्या सुमाराचें पिलूं होतें. पांचव्या महिन्याच्या आसपास त्याला डिस्टेंपर या रोगानें गांठलें, आणि कोणीतरी आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केल्यावांचून तें तितके दिवस जगलें नसतें. डिस्टेंपर झालेलें पिलूं शिकार करीत नाहीं, राखणही करीत नाहीं. त्याला ताप असतो, उलट्या होतात, जुलाब होतात. बर्फाळ युगाच्या अखेरीस कोणीतरी त्याला पाणी पाजीत होतें, ऊब देत होतें, आणि त्याच्याखालचें काढून टाकीत होतें. तें कोण, पुरुष कीं स्त्री, हें हाडांवरून कळत नाहीं.

कुत्र्याचें आयुष्य दहा-बारा वर्षांचें, फार तर चौदा-पंधरा. उपद्रवाचीं वर्षें त्यांत दोन किंवा तीन. मग मधलीं शहाणपणाचीं, आणि शेवटीं पुन्हां फडक्याचे दिवस येतात. डोळ्यांवर मोतीबिंदु चढतो, मागचे पाय घसरतात, आणि लघवी धरून ठेवण्याचें भान राहत नाहीं. आतां तें कांहीं कुरतडीत नाहीं. समोर चप्पल पडली असली तरी तिच्यावर हनुवटी टेकून निजतें. ज्या मुलांनीं हट्ट करून त्याला आणलें तीं नोकरीनिमित्त दुसऱ्या गांवीं गेलेलीं असतात. दूरध्वनीवरून त्याची खुशाली विचारतात. गृहस्थाला रात्रीं उठवत नाहीं. आणि जी बाई बारा वर्षें, एकदां याला घेऊन जा कुठेंतरी, असें म्हणत आली, ती रात्रीं दोन वाजतां त्याच्या कण्हण्यानें जागी होते. दिवा न लावतांच तिला सगळें सांपडतें. त्याच्याखालचें ओलें काढते, अंग पुसते, कोरडें अंथरते. त्यासाठीं तिनें आपलीं जुनीं सुती लुगडीं फाडून तुकडे करून ठेविलेले असतात. बोहारणीला एकही दिलेलें नसतें. सकाळीं मागच्या गॅलरींत दोरीवर ते तुकडे वाळत पडलेले दिसतात, आणि शेजारीण विचारते, “काय हो, घरांत बाळंतीण आहे वाटतें?”